खारपाणाची मूठ

दुर्गाबाईंचा एक नेम होता. उन्हाळा सरत आला की त्या सोयाबीनच्या पोत्यांतून मूठमूठ बी काढत, ओल्या बारदानावर ओळीनं मांडत, बारदान गुंडाळून न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवून देत. कोंब फुटायची वेळ झाली की उलगडून बघायचं. चांगलं बी वावरात, कुजकं बी उकिरड्यावर. "बी पाह्यल्याशिवाय जमिनीले नाव ठेवू नाई," हे त्या धामणगाव रेल्वेच्या बाजारात भेटेल त्याला ऐकवत. साऱ्या शिवारात त्यांच्या ह्या शहाणपणाला मान होता.

घरात सून आली, चार वर्षं पाळणा हलला नाही, तेव्हा मात्र त्यांनी सरळ जमिनीला नाव ठेवलं. बी काही बघितलं नाही.

ती सून म्हणजे वच्छला. दर्यापूरकडची, पूर्णेच्या खोऱ्यातली. तिकडं विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारं लागतं. प्यायला नको, पिकाला नको. त्या पट्ट्याला सगळे खारपाणच म्हणतात. पण पावसाची ओल जमिनीत जिरलेली असली की त्याच मातीत हरभरा असा येतो, की हिरवे घाटे खाता खाता घरी न्यायला उरत नाहीत. वच्छलाच्या मायला ओव्या जुळवायचा नाद. जातं कधीच अंगणात पालथं पडलेलं, तरी कणीक मळता मळता ती लेकीसाठी म्हणायची,

बापाच्या वावरी खारी हीर, खारं पानी
लेक वाढली त्याच्यावरी, जशी बाभूळ रानी

सासरी पहिल्या दिवाळीत वच्छलानं ही ओवी हसत हसत म्हणून दाखवली. चूक तिथंच झाली. दुर्गाबाईंना आयता शब्द सापडला. पहिल्या वर्षी त्या काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या वर्षी शेजारणीजवळ बोलल्या, तिसऱ्या वर्षी तोंडावर. "खारपाणाची कूस वो माय. तिच्यात काय रुजन?"

डॉक्टरकडं जाऊन दोघांची तपासणी करू, असं वच्छलानं नवऱ्याला म्हणून बघितलं. कुंदन दिसायला धिप्पाड, बोलायला मऊ, आईपुढं नुसता मेणाचा. तो म्हणाला, "आईले विचारतो." आईनं सांगितलं, "आमचं बी खणखणीत हाय. त्याले काय तपासाचं?"

चौथ्या वर्षीच्या पेरणीला जे झालं ते वच्छलाच्या हाडात बसलं. त्या घरी बाकीचं वावर ट्रॅक्टरनं पेरत, पण पहिलं तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, बैलांच्या तिफणीनं. तिफणीला बांधलेल्या नळीला सरता म्हणतात. मागून चालणारी बाई त्या सरत्यात मुठीनं बी सोडत जाते. तो मान घरच्या सुनेचा. आधी सासूनं तिची ओटी भरायची, पेरणीचंच बी पदरात घालायचं, मग पहिली मूठ. वच्छला नवं लुगडं नेसून उभी होती. पदर पसरलेला. दुर्गाबाई बियाची टोपली घेऊन आल्या, पदराशी थांबल्या, आणि टोपली घेऊन पुढं गेल्या. वच्छलाच्या हातातला सरता त्यांनी काढून घेतला आणि एका लेकुरवाळ्या मजूर बाईच्या हाती दिला.

"तू बांधावर बस. तुह्या हातानं बी जळन."

वावरात बाया होत्या, गडी होते. कुंदन जू आवळत होता. त्यानं मान वर केली नाही. ते जू आधीच आवळलेलं होतं, हे वच्छलानं पाहिलं.

पसरलेला पदर तिनं गोळा केला. रिकामा पदरही जड असतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

*

फारकती झाली. वच्छला बापाकडं, नत्थुजींकडं परत आली. लग्नाआधी ती बी.एस्सी. झालेली होतीच, अमरावतीला राहून पुढचं शिकली, मग गर्भ वाढवायच्या लॅबचं शिक्षण घेतलं आणि अकोल्याला डॉक्टर इफ्फत यांच्या दवाखान्यात लागली. लोकांना वाटलं, बाईला लेकरू नाही म्हणून दुसऱ्यांच्या लेकरांत जीव रमवते. डॉक्टर इफ्फत यांनाही तसंच वाटे. वच्छलानं कोणाचा समज मोडला नाही. खरं ते तिच्या ओवीला ठाऊक होतं. ती मायच्या चालीवर तिनं स्वतः जुळवली होती आणि मनातच म्हणायची,

सरता ओढला हातचा, चार बायांच्या देखत
याचं उसनं फेडीन मी, तुह्या दारात हासत

दार काही तिला शोधावं लागलं नाही. सात-आठ वर्षांनी ते चालत तिच्याकडं आलं.

मे महिन्याचे दिवस होते. अकोल्याचं ऊन डांबर वितळवत होतं आणि लॅबमध्ये गारवा. सकाळी एका पेशंटची स्त्रीबीजं काढायची होती, नाव आरती. त्यासोबत नवऱ्याच्या वीर्याची डबी आली. वच्छलानं डबीवरचं नाव वाचलं, गाव वाचलं, आणि डबी हातात तशीच धरून उभी राहिली.

त्यांनी अमरावती सोडून अकोला का गाठलं, हे तिला सांगायची गरज नव्हती. अमरावतीत दहा सोयरे भेटले असते.

नियम साधा होता. ओळखीचा पेशंट असला की डॉक्टरांना सांगायचं, बाजूला व्हायचं, काम दुसऱ्याकडं द्यायचं. वच्छला दारापर्यंत गेली. डॉक्टर इफ्फत समोरच हात धूत होत्या. "सब ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो, मॅडम," वच्छला म्हणाली, आणि मागं फिरली.

तिला ते खणखणीत बी एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

तिनं सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला. बघितलं आणि मास्कच्या आत तिचे ओठ ताणले गेले. जत्रा उठून गेल्यावर मैदानात उरतात तसे थोडेसे शुक्रजंतू. काही जागेवरच गरगरत होते, काहींच्या शेपट्या दुमडलेल्या, बरेचसे निपचित. ज्या बियाच्या जोरावर तिला बांधावर बसवलं, ते हे. बारदानावर टाकलं असतं तर उकिरड्यावर गेलं असतं.

तिला वाटलं, आत्ताच बाहेर जावं आणि म्हातारीचं बखोट धरून तिला इथं बसवावं, तिचा डोळा ह्या काचेला लावावा. पण समोर आरतीची स्त्रीबीजं होती, सात. गोल, भरलेली, दुधाळ चांदण्यासारखी. एकेका स्त्रीबीजात सुईसारख्या काचनळीनं एकेक शुक्रजंतू सोडायचा. कोणता सोडायचा ते वच्छलाच्या हाती. ती लुळा उचलू शकत होती. कोणाला कळलं नसतं.

पण हात सवयीचे असतात. त्यांनी त्या उठलेल्या जत्रेतून शोधून शोधून सरळ चालणारे सात उचलले. मनात वैर होतं, हातांना ते कोणी सांगितलं नव्हतं. काम झाल्यावर वच्छलाला स्वतःचाच राग आला.

*

दुसऱ्या दिवशी सहा बीजं फळलेली दिसली. प्रत्येकात दोन गोल टिकल्या शेजारी शेजारी उभ्या, एक आईकडची, एक बापाकडची. मध्ये अंतरपाट धरल्यासारखा. थोड्या वेळानं अंतरपाट दूर झाला, टिकल्या एकमेकींत विरल्या. मग पुढच्या दिवसापर्यंत एकाचे दोन झाले, दोनाचे चार. एवढं होऊनही आकार वाढत नाही. भाकरीचे तुकडे केले तरी भाकरी तेवढीच राहते, तसं. मोहरीहून कितीतरी लहान त्या घरात वाटण्या होत जातात आणि भांडण नसतं.

वच्छला रोज बघायची, पण ह्या वेळी ती वेगळ्या नजरेनं बघत होती. तिला पुढचं ठाऊक होतं. पहिले दोन दिवस गर्भ चालतो तो आईच्या शिदोरीवर. स्त्रीबीज निघतानाच सगळं बांधून घेतं. ऊब, दाणापाणी, कामाच्या सूचनासुद्धा. बाप तोवर पाहुण्यासारखा बसून असतो. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास शिदोरी संपत येते, आणि गर्भाला स्वतःची चूल पेटवावी लागते. त्या चुलीत बापाकडची लाकडंही लागतात. ती ओली असली तर नुसता धूर होतो.

"येऊ दे तिसरा दिवस," ती मनात म्हणाली.

दुपारी ती चहाला बाहेर आली तर बाकावर तिघं बसलेली. वच्छलाच्या डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क. दुर्गाबाईंनी बघितलं आणि नजर पुढं नेली. म्हातारी वाळली होती, पण आवाज तोच, नांगराच्या फाळासारखा. शेजारच्या अनोळखी बाईला ती सांगत होती.

"पह्यली भेटली ते खारपाणाची. दुसरी केली ते मुरमाची. आमच्या नशिबाले काळी माती काई येऊन नाई राह्यली बाप्पा."

तिच्या बाजूला आरती होती. कोवळी, सावळी, पोटावर हात ठेवून. परवाच्या शस्त्रक्रियेनं ती जरा वाकून बसली होती. "आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "आमच्या परतवाड्याची जमीन मुरमाड नाई."

"चिखलदऱ्याच्या पायथ्याशी तं हाय ना वो? गोटेच असतीन."

"संत्रा येते तिथं."

"संत्र्यानं वंश नाई चालत, बाई."

शेजारची बाई हसली. आरतीही कसंनुसं हसली, कारण न हसून काय करणार. कुंदन मोबाईल बघत होता. वच्छलानं मोबाईलकडं पाहिलं. पडदा काळा होता.

चहा न पिताच ती आत आली.

*

तिसऱ्या दिवशी एक थांबला. संध्याकाळपर्यंत आणखी दोन. आठ पेशींशी येऊन बसलेले, जसे बैल उतारावर बसतात आणि मग कितीही हाकला, उठत नाहीत. चौथ्या दिवशी उरलेल्यांतले दोन काळवंडले. वच्छला उबेच्या पेटीचं दार उघडायची, बघायची, लावायची, आणि दर वेळी तिच्या छातीत एक गार घोट उतरायचा. फिटत होतं उसनं. बायांच्या देखत ओढलेल्या सरत्याचं.

पण सहावा थांबत नव्हता.

तो वेगळाच हट्टी. त्याच्या पेशी एकमेकींना बिलगल्या, तुतीच्या फळासारखी गाठ झाली. "थांब," वच्छला त्याला म्हणाली. मोठ्यानंच म्हणाली. लॅबमध्ये कोणी नव्हतं. "थांब ना रे. तुह्या बापाच्या घरी काय ठेवलंय?"

पाचव्या दिवशी सकाळी बघते तर त्यानं घर बांधलं होतं. कडेनं पेशींची भिंत, आत पाण्यानं भरलेली पोकळी, आणि एका बाजूला आतून चिकटलेला पेशींचा घोस. त्या घोसाचं बाळ होतं. भिंतीची वार होते, जी आईच्या कुशीला धरते. असा सुंदर गर्भ तिनं पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता.

डॉक्टर इफ्फत दारातून डोकावल्या. "कितने बचे?"

"एक."

"अल्हम्दुलिल्लाह. एकही बस आहे. आज दुपारी सोडू." त्या गेल्या.

वच्छलानं गर्भाची ती छोटी काचेची ताटली उबेतून बाहेर काढली. तपासायला म्हणून काढली. तपासून झालं. आता ताटली आत ठेवायची होती. तिनं ती गार टेबलावर ठेवली, आणि हात मांडीवर घेऊन बसली.

एवढंच करायचं होतं. काहीच न करणं. कितीतरी गर्भ शेवटच्या क्षणी राहत नाहीत. डॉक्टर हळहळल्या असत्या, "अल्ला की मर्जी," म्हणाल्या असत्या. आणि दुर्गाबाईंच्या घराण्याचं शेवटचं बी, बांधावर बसवलेल्या बाईच्या समोर, गुपचूप विझलं असतं.

तिच्या डोळ्यांपुढं ते वावर आलं. टोपली पदराशी आली, थांबली, पुढं गेली. आवळलेलं जू पुन्हा आवळणारे हात आले. तिनं काचेला डोळा लावला. शेवट बघायचा होता.

गर्भाचं घर बसत होतं. गारठ्यानं भिंत आकसली, पोकळी मिटत चालली. जशी कोणी मूठ आवळतं. आतलं पाणी झिरपून बाहेर गेलं.

त्या पाण्याकडं बघताना वच्छलाला शिकलेलं एक साधं वाक्य आठवलं. गर्भाच्या पोकळीत पाणी आपोआप येत नाही. भिंतीच्या पेशी आधी मीठ ओढतात, आत साठवतात. मग मिठामागं पाणी येतं. कोणाचाही गर्भ असो, पहिलं घर बांधतो ते असंच. परीक्षेत ह्याच्यावर प्रश्न आला होता, तिनं उत्तरही बरोबर लिहिलं होतं. पण त्याचा अर्थ आज तिच्यासमोर आकसत पडला होता. काळ्या मातीच्या त्या घराण्याचा वारस जन्मातलं पहिलं काम करत होता, ते खारं पाणी भरायचं. तिच्या बापाच्या विहिरीतलं.

आणि त्याच क्षणी तिला दुसरंही कळलं. हा मेला, तर म्हातारी काय म्हणेल? घराणं बुडालं म्हणून ती खचणार नव्हती. ती त्याच बाकावर बसून म्हणेल, "म्या म्हणलं होतं ना. मुरूमच तो." आरतीला बांधावर बसवेल. तिसरी शोधेल. मेला तर म्हातारी जिंकली.

वच्छला खुर्चीवरून उठली तशी खुर्ची मागं घसरली. तिनं ताटली उबेत ठेवली, दार लावलं, आणि दाराला तळहात टेकून उभी राहिली. आता ती जे मागत होती ते कोणाजवळ मागायचं, हे तिला समजत नव्हतं. "ऊठ," ती म्हणाली. "खारपाणातला असशील तं ऊठ."

पहिल्यांदा बघितलं तेव्हा काही नव्हतं. दुसऱ्यांदाही नाही. तिनं देवाचं नाव घेतलं नाही. मायची ओवी म्हटली, खारी हीर, खारं पानी. दुपार कलायच्या आत पुन्हा बघितलं तर मूठ उघडली होती. भिंत ताणलेली, पोकळी टम्म भरलेली, आणि एका कडेनं गर्भ आपलं कवच फोडून डोकावत होता. रानात उभ्या बाभळीसारखा निलाजरा.

वच्छलानं तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

*

गर्भ सोडायच्या आधी लॅबमधल्या माणसानं पेशंटपुढं यायचं, नाव विचारून खात्री करायची, पडद्यावर गर्भ दाखवायचा, अशी तिथली रीत. ती आरतीच्या खोलीत गेली. आरती हिरव्या गाऊनमध्ये पलंगावर बसली होती, कुंदन पायाशी, दुर्गाबाई खुर्चीत. मांडीवर त्यांची पिशवी. गहू, नारळ, खण. काम झालं की सुनेची ओटी भरायची तयारी.

डॉक्टर इफ्फत यांनी पडदा लावला. करड्या उजेडात तो गोल चमकला.

"हाच काय?" आरतीनं विचारलं.

"हाच," वच्छला म्हणाली, आणि मास्क खाली केला.

कुंदननं आधी ओळखलं. त्यानं मान खाली घातली. दुर्गाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "हे इथं काय करून राह्यली?"

"पेरणी," वच्छला म्हणाली.

मग म्हातारीला वाचा फुटली. "डॉक्टरीणबाई, हिच्या हातानं नाई. दुसरं कोनी बोलवा. हे आमची पह्यली सून हाय, वांझ बाई हाय. हिचा हात लागन तं जळन ते."

"पाच दिवस तिच्याच हातात आहे," डॉक्टर इफ्फत म्हणाल्या. पण त्या वच्छलाकडं बघत होत्या. "तुला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो, मॅडम."

डॉक्टरांचा चेहरा दगड झाला. "ह्याच्यावर आपण नंतर बोलू. माझ्या केबिनमध्ये." मग त्या पलंगाकडं वळल्या. "आरती, गर्भ चांगला आहे. पण तुमचा भरोसा नसेल तर आपण तो गोठवून ठेवू, तुम्ही दुसऱ्या दवाखान्यात न्या. माझी तक्रार नाही. फैसला तुमचा. सासूबाईंचा नाही, मियांचा नाही. तुमचा."

आरतीनं पडद्याकडं पाहिलं, मग वच्छलाकडं. तिनं ह्या बाईबद्दल लग्नापासून ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांपुढं कोणी कोरडी, काळी, शाप देणारी बाई होती. समोरची तिच्या थोरल्या बहिणीसारखी दिसत होती.

"ताई," ती म्हणाली, "सहा होते म्हणे. पाच काहून थांबले? माह्या जमिनीचा दोष?"

हाच तो क्षण. वच्छलानं तो इतक्या वर्षांत इतक्या परीनं रंगवला होता, की तो खरा आला तेव्हा तिला घाई करावीशी वाटली नाही.

"जमिनीपर्यंत गोष्ट गेलीच नाई अजून," ती म्हणाली. "तू दिलेल्या शिदोरीवर साही चालले. तुही शिदोरी पुरून उरली. तिसऱ्या दिवशी चूल पेटवाची होती, तिथं बापाकडची लाकडं ओली निंघाली."

"खोटं बोलते," दुर्गाबाई म्हणाल्या. "आमचं बी—"

"रिपोर्ट मी स्वतः कुंदनरावांना समजावला होता," डॉक्टर इफ्फत मध्येच बोलल्या. त्यांच्या आवाजात आता दुसराच राग होता. "ताकद फार कमी आहे, घरी सांगा, असं बजावलं होतं. तुम्ही सांगितलं नाही?"

सगळ्यांनी कुंदनकडं पाहिलं. तो पलंगाची चादर गादीखाली खोचत होता. चादर खोचलेलीच होती.

"तुमी तं म्हणले," आरती सावकाश म्हणाली, "तुहंच कमी हाय, असं डॉक्टर म्हणून राह्यल्या. रडली मी त्या दिवशी. तुमी पाणी आणून देल्लं मले."

"आईले वाईट वाटलं असतं," कुंदन म्हणाला.

आरतीनं पाय पलंगावर घेतले, पाठ ताठ केली. "आत्याबाई, तुमच्या घरी पेरणाऱ्या बाईची आंधी ओटी भरतेत. मले शिकवलं तुमी. या ताईची भरा."

"काय बोलून राह्यली वो?"

"भरा. मंग मी आत जाईन. नाई तं मी बसने चालली परतवाड्याले, अन् हे पडद्यावरचं तिथंच राहीन पेटीत. तुमी पाहा मंग तिसरी. तिची जमीन कशी निंघते ते."

दुर्गाबाईंनी लेकाकडं पाहिलं. लेकानं चादरीकडं. पडद्यावर तो गोल स्थिर चमकत होता आणि त्याच्याकडं बघता बघता म्हातारीच्या तोंडावरचं काहीतरी सुटत गेलं. तिनं पिशवीत हात घातला. गव्हाची मूठ भरली. बोटांच्या फटीतून दोन-चार दाणे फरशीवर पडले. दारात नर्स येऊन थांबली होती, बाकावरची ती अनोळखी बाई तिच्यामागं उभी होती. चार बाया होत्या. देखत.

"घे," दुर्गाबाई म्हणाल्या. "पसर पदर."

वच्छला त्या मुठीकडं बघत राहिली. ह्याच मुठीसाठी ती त्या वावरात नवं लुगडं नेसून उभी होती. तेव्हा ती मिळाली असती तर तिनं ती जन्मभर जपली असती. तिनं दोन्ही हात छातीपाशी वर धरले, तळवे आत.

"ह्या गाऊनले पदर नाई, आत्याबाई," ती शांतपणे म्हणाली. "अन् हात धुतलेले हायेत. तुमच्या मुठीतल्या बियाले माहा हात लागला तं आतलं जळन."

एवढं बोलून ती वळली. मागं मूठ तशीच पुढं धरलेली राहिली.

*

लॅबमध्ये तिनं बारीक नळीत थेंबभर पाणी ओढलं, मग त्या पाण्यासोबत गर्भ. नळी हातात घेऊन ती आतल्या दारानं शस्त्रक्रियेच्या खोलीत गेली. नळी जड नव्हती. पण तिची पावलं तासावर पडतात तशी पडत होती, सरळ, मोजकी. आरती डोळे मिटून पडली होती. डॉक्टर इफ्फत यांनी फक्त हात पुढं केला. सोनोग्राफीच्या काळ्या पडद्यावर, काळ्या मातीत, एक पांढरा ठिपका उतरला आणि थांबला.

वच्छलानं नळी परत नेऊन काचेखाली तपासली. रिकामी होती. गर्भ गेला होता जिथं जायचा तिथं. रुजेल की नाही, हे आता आरतीचं आणि त्याचं. वच्छलानं तेही मागितलं नाही. मागायचं ते तिचं सकाळीच मागून झालं होतं.

ती बाहेर आली तेव्हा बाक रिकामा होता. दुर्गाबाई खोलीच्या दाराशी उभ्याच होत्या, मूठ अजून मिटलेली. ते गहू परत पिशवीत टाकावे की काय करावं, हे त्यांना कळलेलं दिसत नव्हतं. ओटीचं बी पुन्हा पोत्यात घालत नाहीत, ही त्यांचीच शिकवण. उकाड्यानं आणि धरून धरून त्यांच्या बोटांना घाम सुटला होता. दाणे ओले होऊन तळव्याला चिकटले होते.

"याचं काय करू?" म्हातारीनं विचारलं. विचारताना तिचा आवाज इतका लहान झाला होता, की वच्छला क्षणभर थांबली. दया आली असती तर तिथंच आली असती. तिनं वाट पाहिली. आली नाही.

"ओले झालेच हायेत," ती म्हणाली. "बारदानावर टाका. पाहा काय निंघते ते."

आणि ती डॉक्टरांच्या केबिनकडं निघाली. नोकरी राहणार की जाणार हे तिला माहीत नव्हतं. दार ढकलायच्या आधी तिनं गाऊन काढून हातावर घेतला आणि साडीचा पदर नीट केला.